हिरवा रस्ता

काही चित्रांची आणि आपली पहिली भेट चुकीच्या ठिकाणी होते. एर्न्स्ट लुडविग किर्शनर या जर्मन चित्रकाराचे ‘पॉट्सडामर प्लाट्झ’ हे चित्र मी प्रथम पाहिले ते पाने सुटू लागलेल्या एका जुन्या पुस्तकात, आणि तेही काळ्यापांढऱ्या छपाईत, पोस्टकार्डाएवढ्या आकारात. एका गोल चौथऱ्यावर उभ्या असलेल्या दोन उंच बायका, मागे काळ्या कोटांतले काही पुरुष, त्यांच्याही मागे कमानींची एक इमारत. माणसे अणकुचीदार, जमीन कललेली. चित्रकाराला यथार्थदर्शन जमत नसावे किंवा ते मुद्दाम मोडायचे असावे, एवढाच बोध घेऊन मी पान उलटले. पुढे पुष्कळ वर्षांनी तेच चित्र रंगांत पाहण्याचा योग आला, तेव्हा उमगले की पूर्वी मी चित्र पाहिलेच नव्हते. त्याचा नुसता सांगाडा पाहिला होता. त्या चित्रातला रस्ता हिरवा होता.

झाडांमुळे नव्हे. त्या चौकात या चित्रापुरते एकही झाड नाही. बर्लिनसारख्या राजधानीचा, ट्राम आणि मोटारी धावणारा रस्ता तळ्यावर साचलेल्या शेवाळासारखा हिरवा आहे आणि माणसे त्याच्या काठाशी उभी आहेत. हे चित्र १९१४ सालचे आहे. त्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये युरोपात काय सुरू झाले ते सर्वांना ठाऊक आहे. एखाद्या शहराचा इतिहास लिहिताना आपण जनगणनेचे आकडे, नगरपालिकेचे ठराव आणि वर्तमानपत्रांच्या फायली पुरावा म्हणून घेतो. चित्रकाराने रस्त्याला दिलेला ‘खोटा’ रंग हाही तसाच पुरावा धरता येईल का, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात आहे.

रंग वस्तूचा असतो अशी आपली पक्की समजूत आहे. आपल्या भाषेतली रंगांची नावेच पाहा: पोपटी, मोरपिशी, अबोली, डाळिंबी, गव्हाळ, शेवाळी. प्रत्येक रंग कुठल्या तरी पक्ष्याच्या, फुलाच्या नाही तर धान्याच्या मालकीचा. परंतु तीच भाषा दुसऱ्या क्षणी अगदी उलटे बोलते. बातमी ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला, अपमानाने तो काळवंडला, संतापाने लालबुंद झाला असे आपण सहज म्हणतो, आणि हे खरेच घडले का असे कोणी विचारत नाही. तिथे रंग वस्तूचा राहिलेला नसतो. माणसावर काय गुदरले ते तो सांगत असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या ज्या तरुण चित्रकारांना पुढे ‘अभिव्यक्तिवादी’ म्हणू लागले, त्यांनी बोलण्यातली ही मुभा रंगपेटीसाठी मागून घेतली. चेहरा पांढराफटक पडू शकतो, तर रस्ता हिरवा का पडू नये?

किर्शनरचा जन्म १८८० सालचा, आशाफेनबुर्ग या गावचा. १९०१ साली तो ड्रेस्डेनला वास्तुशास्त्र शिकायला आला आणि १९०५ साली रीतसर पदवीधर झाला. ज्याला कमान, खांब आणि उतरते छप्पर काटेकोर मापाने काढण्याचे शिक्षण मिळाले होते, त्याच्या चित्रांतल्या इमारती कलल्या त्या अज्ञानाने कलल्या नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पदवी मिळाली त्याच वर्षी जूनमध्ये फ्रिट्झ ब्लाइल, एरिख हेकेल आणि कार्ल श्मिट-रोटलुफ या सहाध्यायांबरोबर त्याने एक मंडळ काढले. त्याचे नाव ‘ब्रुके’, म्हणजे पूल. चौघेही वास्तुशास्त्राचे विद्यार्थी. चित्रकलेच्या अकादमीचा शिक्का कोणाच्याही अंगावर नव्हता.

ड्रेस्डेनमध्ये असतानाच १९०८ साली त्याने शहराचे पहिले मोठे चित्र रंगवले. आज ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात आहे. सुमारे दोन मीटर रुंदीच्या त्या कॅनव्हासवर एक गर्दीचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्याचा रंग गुलाबी आहे. सणासुदीच्या मिठाईसारखा प्रसन्न गुलाबी नव्हे. तो डोळ्यांना झोंबतो. उजवीकडून चांगल्या कपड्यांतल्या बायका सरळ आपल्या अंगावर चालून येतात. त्यांच्या चेहऱ्यांवर नारिंगी आणि हिरवट छटा आहेत आणि नजर कुठेच नाही. मध्यभागी मोठी टोपी घातलेली एक लहान मुलगी आहे, पण तिचे बोट कोणी धरलेले नाही. गर्दी चित्राच्या कडांशी दाटली आहे आणि मधला गुलाबी रस्ता मात्र रिकामा पडला आहे. नॉर्वेच्या एडवर्ड मुंकने १८९२ साली ख्रिस्तियानियाच्या संध्याकाळच्या रस्त्यावरून अशीच भुतासारखी माणसे चालवली होती, त्याचे स्मरण होतेच. पण मुंकची माणसे संध्याकाळच्या काळोखात भ्यालेली आहेत. किर्शनरची माणसे झगझगीत रंगांत एकटी आहेत.

योगायोग असा, की ज्या ड्रेस्डेनमध्ये हा विद्यार्थी शिकत होता, तिथेच १९०३ साली जर्मन शहरांचे एक मोठे प्रदर्शन भरले आणि त्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानमालेतून गेऑर्ग झिमेल या समाजशास्त्रज्ञाचा महानगर आणि मानवी मन यांविषयीचा प्रसिद्ध निबंध निघाला. त्याचे सार असे: महानगरात माणसाच्या ज्ञानतंतूंवर इतके आघात होतात, की प्रत्येकाला प्रतिसाद देत बसला तर तो टिकणारच नाही. म्हणून तो मनावर अलिप्ततेचे एक कवच चढवतो. किर्शनरने हा निबंध वाचला होता असे माझे म्हणणे नाही. एकच गोष्ट एकाने वाक्यांत मांडली आणि दुसऱ्याने गुलाबी रंगात, एवढेच मला दिसते. त्या गर्दीतल्या प्रत्येकाने ते कवच घातलेले आहे. चित्रकाराने मात्र ते काढून ठेवले आहे आणि सगळे आघात उघड्या अंगावर घेतले आहेत.

या ठिकाणी आपल्याकडच्या एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. त्यांच्याआधी रॉबर्ट गिल याने केलेल्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली आगीत जळाल्या होत्या. यांच्याही पुष्कळशा प्रतिकृती १८८५ सालच्या आगीत गेल्या. तरी जे हाती होते त्यावरून १८९६-९७ साली ग्रिफिथ्सचे दोन जाडजूड खंड लंडनहून प्रसिद्ध झाले. ते खंड ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात पोहोचले, किर्शनरने ते पाहिले आणि त्यांतल्या आकृती तो स्वतः काढून पाहू लागला. या चित्रांचे आपल्यावर ऋण आहे हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. मुंबईच्या मुलांनी दिव्याच्या उजेडात केलेले काम एका जर्मन विद्यार्थ्याचा गुरू झाले. आणि त्या मुलांना याचा पत्ताही नव्हता.

अजिंठ्याच्या भिंतीवर माणसाची पडछाया जमिनीवर पडत नाही. रेषेने बांधलेली आकृती सपाट रंगाच्या मैदानावर उभी राहते आणि तरीही भरीव, सजीव वाटते. हे किर्शनरने उचलले. बर्लिनच्या बायकांच्या बांधेसूद बाह्यरेषांमध्ये ते अजून ओळखू येते. पण एक फरक मन विषण्ण करतो. अजिंठ्याच्या भिंतीवरही गर्दीच आहे: राजे, दासी, भिक्षू, हत्ती, नर्तकी. मात्र त्या गर्दीतली माणसे एकमेकांकडे कललेली आहेत. कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आहे, कोणाची मान बोलणाऱ्याकडे वळली आहे. बर्लिनमध्ये रेषा आली, पण तो कल नाही आला.

१९११ साली किर्शनर बर्लिनला राहायला गेला. १८७१ साली जर्मन साम्राज्य स्थापन झाले तेव्हा त्या शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. १९१० साली ती वीस लाखांवर गेली होती. दोन वर्षांत ‘ब्रुके’ मंडळ फुटले. फुटायला निमित्त झाले किर्शनरनेच लिहिलेल्या मंडळाच्या इतिहासाचे: त्यात त्याने स्वतःला फार मोठी जागा दिली, असे मित्रांना वाटले. १९१३ साली तो एकटा उरला. त्याच वर्षापासून १९१५ पर्यंत बर्लिनच्या रस्त्यांची ती चित्रमालिका झाली, जिच्यात ‘पॉट्सडामर प्लाट्झ’ सर्वांत मोठे आहे: दोन मीटर उंच आणि दीड मीटर रुंद. म्हणजे त्यातली बाई जवळजवळ आपल्याएवढी उंच आहे.

आता ते चित्र सावकाश पाहू. वेळ मध्यरात्रीची आहे. मागे पॉट्सडाम रेल्वेस्थानकाची कमानींची इमारत आहे, आणि ती विटकरी-गुलाबी रंगाने तापलेली दिसते. पुढे वाहतुकीच्या मधले एक गोल बेट. त्यावर दोन बायका, एक समोर तोंड केलेली, काळ्या वस्त्रांत आणि विधवेच्या जाळीदार बुरख्यात. दुसरी निळ्या पोशाखात, बाजूला वळलेली, वयाने लहान. दोघीही धंदा करणाऱ्या आहेत. दोन बहिणी, एर्ना आणि गेर्डा शिलिंग, या त्या काळात चित्रकाराच्या नेहमीच्या नमुन्याच्या स्त्रिया होत्या, आणि एर्ना तर पुढे आयुष्यभर त्याच्या सोबत राहिली. मागच्या पदपथावर पुरुष. त्यांचे पाय कंपासाच्या पायांसारखे फाकलेले, चेहरे जवळजवळ सारखे. एकाने पाऊल रस्त्यावर टाकले आहे. त्या पावलाला आणि बायकांना जोडणारे काहीही नाही. मध्ये तो हिरवा रस्ता आहे.

ते शेवाळ माणसामाणसांतले अंतर रंगवते. रस्ता राखाडी असता, तर आपण म्हटले असते, हा रस्ता आहे, तो ओलांडता येईल. हिरवा झाल्याबरोबर तो पाण्यासारखा खोल आणि निसरडा होतो. बायकांचे बेट खरोखरीचे बेट होते आणि पुरुषाचे ते पाऊल बुडायला निघाल्यासारखे वाटते. हाच हिरवटपणा चेहऱ्यांवरही चढला आहे, जणू रस्त्याचा ओलावा अंगात शिरला आहे. गुलाबी स्थानक दूर असून जवळ येते, कारण तो रंग पुढे झेपावतो; हिरवा मात्र मागे सरत राहतो. यथार्थदर्शनाचे जे काम रेषांनी करायचे, ते इथे रंगांनी हाती घेतले आहे आणि उलटे करून दाखवले आहे. पोस्टकार्डाएवढ्या काळ्यापांढऱ्या छापात मला जे दिसले नव्हते, ते हे.

यावर एक साधा आक्षेप येईल. त्या काळच्या रात्री खरोखरच हिरवट असतील! गॅसच्या जाळीच्या दिव्याचा उजेड थोडा हिरवट पडे हे खरे, आणि पॉट्सडामर प्लाट्झवर १८८२ सालापासून विजेचे दिवे लागले होते. चित्रकाराने हा कृत्रिम उजेड डोळे भरून पाहिला असणार यात शंका नाही. पण उजेड सगळ्यांवर सारखा पडतो. इथे रस्ता हिरवा, स्थानक गुलाबी, पोशाख निळा आणि पुरुष काळे. एकाच दिव्याखाली हे शक्य नाही. दिव्याने त्याला निमित्त पुरवले असेल. निवड त्याची आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा मनुष्य शहराचा द्वेष करीत होता, आणि द्वेष करणाऱ्याची साक्ष कशी मानावी? मला हे पटत नाही. द्वेष करणारा मनुष्य रात्रीमागून रात्री चौकात उभा राहून वहीत रेखाटने करीत नाही. त्या बायकांना त्याने हिणवलेले नाही, त्यांची कीवही केलेली नाही. चित्रात ताठ उभ्या आहेत त्या त्या दोघीच; बाकी सारे शहर त्यांच्याभोवती कलले आहे. त्या काळ्या बुरख्याविषयीही अनेक तर्क आहेत. सभ्य स्त्रीचा वेष करून पोलिसांची नजर चुकवण्याची ती रीत होती असे कोणी म्हणतात. युद्ध सुरू झाल्यावर विधवेचा वेष रस्त्यावर ओळखीचा होत चालला होता असे कोणी म्हणतात. अर्थ कोणताही घ्या, १९१४ साली त्या चौकाच्या मधोमध एक विधवा उभी आहे, आणि पुढच्या चार वर्षांत जर्मनीतले किती चौक तशा स्त्रियांनी भरले हे इतिहासाला ठाऊक आहे. चित्रकाराला भविष्य कळले होते असे म्हणण्याचा मोह टाळावा. त्याला वर्तमान कळले होते, आणि तेवढे पुरेसे होते.

युद्ध त्याच्याही वाट्याला आले. १९१५ साली तो तोफखान्याच्या पलटणीत दाखल झाला आणि थोड्याच महिन्यांत मनाने आणि शरीराने कोसळून परत आला. त्याच वर्षी त्याने सैनिकाच्या गणवेशातले स्वतःचे चित्र काढले. त्यात त्याचा उजवा हात मनगटापासून तुटलेला आहे. प्रत्यक्षात त्याचे दोन्ही हात शाबूत होते. पण ज्या हाताला चित्र काढता येत नव्हते, तो त्याच्या लेखी तुटलाच होता. आपण म्हणतो ना, तो गेला आणि माझा उजवा हातच तुटला.

इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र एक गोष्ट लपवता कामा नये. हा चित्रकार कागदोपत्री विश्वासू साक्षीदार नाही. आपण कोणाच्या मागून आलो नाही हे दाखवण्यासाठी तो आपल्या चित्रांवर मागच्या तारखा टाकत असे. ड्रेस्डेनच्या त्या गुलाबी रस्त्यावरही त्याने १९०७ साल घातले, आणि ते चित्र १९१९ साली पुन्हा हाताळले. १९२० च्या सुमाराला त्याने ‘लुई द मार्साल’ नावाचा एक फ्रेंच टीकाकार निर्माण केला आणि त्याच्या नावाने स्वतःच्या चित्रांची प्रशंसा करणारे लेख स्वतःच लिहिले. मोठी विलक्षण परिस्थिती आहे. ज्या तारखा खऱ्या असायला हव्यात त्या खोट्या, आणि जे रंग खोटे म्हणून लोक हसले ते खरे. कलावंताच्या शब्दावर विसंबू नये, त्याच्या कामावर विसंबावे, हा धडा याहून स्वच्छ कुठे मिळणार?

१९१७ पासून तो स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसजवळच्या डोंगरांत राहिला. तिथे त्याने जांभळे डोंगर आणि गुलाबी बर्फ रंगवले. पण जर्मनीत त्याच्या रंगांचा न्याय व्हायचा होता. जुलै १९३७ मध्ये म्युनिकला नव्या कलाभवनाचे उद्घाटन करताना हिटलरने चित्रातल्या रंगांवरच तोफ डागली. कुरणे निळी आणि आकाश हिरवे पाहणाऱ्या चित्रकारांचे डोळेच जर बिघडलेले असतील, तर हा दोष पुढच्या पिढीत उतरू नये याची व्यवस्था गृहखात्याने करावी. आणि ते ढोंग करीत असतील, तर तो फौजदारी न्यायालयाचा विषय आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी, १९ जुलैला, ‘अधःपतित कला’ या नावाचे प्रदर्शन त्याच शहरात उघडले आणि वीस लाखांहून अधिक लोक ते पाहून गेले. जर्मन संग्रहालयांतून किर्शनरची ६३९ कामे काढून टाकण्यात आली. त्यांतली काही या प्रदर्शनात टवाळीसाठी मांडली गेली. बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहातले १९१३ सालचे त्याचे एक रस्त्याचे चित्र असेच बाहेर काढले गेले आणि १९३९ साली न्यूयॉर्कला जाऊन पोहोचले.

हुकूमशहाला एका चित्रकाराच्या हिरव्या रंगाची एवढी काळजी का वाटावी? मला वाटते, त्याने रंगाचा अर्थ अनेक रसिकांपेक्षा नीट ओळखला होता. आकाश निळेच आहे, रस्ता राखाडीच आहे, सगळे जागच्या जागी आहे, असे प्रत्येकाने म्हटले पाहिजे ही त्या राजवटीची मूळ अट होती. रस्ता हिरवा पडला आहे असे एकानेही ठामपणे सांगितले, तर दुसराही आपल्या डोळ्यांनी पाहू लागेल. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळला. आपल्या डोंगरांच्या पलीकडची सीमाही आता सुरक्षित नाही या धास्तीत, आजारात आणि खचलेल्या मनःस्थितीत, १५ जून १९३८ रोजी किर्शनरने आत्महत्या केली. त्याचे वय ५८ वर्षांचे होते.

राहता राहिला तो चौक. १९२४ साली तिथे रंगीत दिव्यांचा वाहतूक-मनोरा उभा राहिला. रंगांना तिथे सरकारी नोकरी लागली, असे म्हणा ना. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबवर्षावाने चौक बेचिराख झाला. युद्धानंतर रशियन, ब्रिटिश आणि अमेरिकन विभागांच्या सीमा नेमक्या तिथे मिळाल्या. ते गुलाबी स्थानक उद्ध्वस्त अवस्थेत काही वर्षे उभे होते, नंतर पाडले गेले. १९६१ साली त्या जागेवरून भिंत गेली, आणि अठ्ठावीस वर्षे तो चौक म्हणजे एक ओसाड पट्टा होता, ज्याच्या एका काठाची माणसे दुसऱ्या काठाला जाऊ शकत नव्हती. भिंत १९८९ साली पडली. त्यानंतर तिथे उंच नव्या इमारती उठल्या. जुन्या चौकाची ओळख पटण्याजोगे तिथे फारच थोडे उरले आहे. चित्र मात्र १९९९ साली बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहाने विकत घेतले. ज्या नव्या राष्ट्रीय कलादालनाच्या मालकीचे ते आहे, ते दालन त्या चौकापासून पायी थोड्याच अंतरावर आहे.

विटा, कमानी, घड्याळ, दिवे, जे जे खरे म्हणून मोजले जात होते ते सारे गेले. एका माणसाला एका उन्हाळ्यात तो रस्ता ओलांडता येणार नाही असा वाटला होता, तेवढे राहिले. आणि पुढे इतिहासाने तो रस्ता काही काळ खरोखरच तसा करून दाखवला. माझ्या जवळचे ते काळ्यापांढऱ्या चित्रांचे पुस्तक अजून आहे. कधी ते पान उघडले, की त्या दोन बायकांच्या पायांखाली मी मनातल्या मनात हिरवा रंग भरतो. मग त्या पुन्हा उभ्या राहतात, आणि काळ्या कोटातला तो पुरुष पाऊल तसेच हवेत धरून अजून थांबलेला असतो.